ठराव क्रमांक सात आणि डबलरोटीचं यंत्र

ग्रामपंचायत हा लोकशाहीचा पाया आहे, असं मला नोकरीच्या सुरुवातीला प्रशिक्षणात शिकवलं होतं. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि पंधरा वर्षं मानलंही. मग अल्लीपूरच्या पलीकडच्या एका गावात ग्रामसेवक म्हणून माझी बदली झाली आणि कळलं, की तिथली ग्रामपंचायत पोह्यांवर उभी आहे.

गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं वाचतात, आणि वाचून झालं की भेटायला येतात.

मासिक सभा सकाळी आठला असायची. शेतावर जाणाऱ्यांना नऊला निघायचं असतं, हे कारण. सदस्य सात, त्यांतल्या तीन बायका, कायद्याप्रमाणे. कायद्याने बायका निवडून आणल्या होत्या, पण सकाळी आठला बायका कुठे असतात हे कायद्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे रुख्माबाईंच्या जागी त्यांचे यजमान बंडूजी येऊन बसत. अनुसयाबाईंच्या जागी त्यांचे यजमान, किराणा दुकानवाले प्रभाकरराव. तिसरी शकुबाई, गोंड मोहल्ल्यातली, मजुरीला जाणारी विधवा. तिच्या जागी येऊन बसायला कुणी नव्हतं, म्हणून ती बिचारी स्वतः यायची आणि दाराजवळ खाली बसायची. खुर्च्या सात होत्या. सातवीवर माझं दप्तर असायचं.

महिला सदस्यांच्या घरून पाळीपाळीने नाश्ता यावा, असं कधीतरी ठरलं होतं. पाळी नेहमी अनुसयाबाईंची यायची. रुख्माबाई मीठ विसरतात, असं सर्वांचं मत होतं. शकुबाईच्या घरून का येत नाही, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. बरोबर सव्वाआठला चपराशी लहानू अनुसयाबाईंकडून पोह्यांचं पातेलं आणि तर्रीची बादली घेऊन यायचा. अशा रीतीने अनुसयाबाई दर सभेला दोनदा हजर असत, एकदा रजिस्टरमध्ये आणि एकदा पातेल्यात.

रजिस्टरमधली सही प्रभाकरराव करत. ‘सौ. अनुसयाबाई’ असं लिहून शेवटच्या ‘ई’ला ते पतंगाच्या शेपटीसारखा फराटा ओढत. मी हरकत का घेतली नाही, असं कुणी विचारेल. चार्ज घेताना आधीच्या सेक्रेटरीकडून एक कपाट, दोन शिक्के, एक मोडकं टेबल आणि ही पद्धत असं सगळं मिळालं होतं. मी पोच दिली होती.

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या नोव्हेंबरात ठराव क्रमांक सात झाला. वॉर्ड तीनच्या मागे बाभळींचं एक रान आहे. गावातल्या बायका पहाटे तिथे जात. कशाला, ते लिहायला नको. गावात तेव्हा संडास असलेली घरं अकरा होती. हे रान साफ करून तिथे आठ गाळे बांधावेत, असा ठराव उपसरपंच भैयाजींनी मांडला. दोन गाळे त्यांना हवे होते, एक प्रभाकररावांना. अनुमोदक म्हणून मी लिहिलं, सौ. अनुसयाबाई.

“मंग बाया कुठं जातीन?” शकुबाईने दाराजवळून विचारलं.

“पुढचा विषय घ्या, सेक्रेटरी,” सरपंच रूपराव म्हणाले.

मी घेतला. सात नंबरपुढे ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिलं. प्रश्न विचारणं म्हणजे विरोध करणं नव्हे, अशी माझी त्या वेळची समजूत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनुसयाबाई कार्यालयात आल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा. पदर खोचलेला, हातात पिशवी, आणि चेहरा असा, की लहानू न सांगता उठून बाहेर गेला.

“सेक्रेटरी साहेब, काल मी सभेत काय बोलली?”

“तुम्ही, बाई?”

“बाया म्हनतात का मीच बोलली. पहाटं मले घेरलं सगळ्यांनी. तुह्याच तोंडानं आमची जागा देली म्हनतात. मले आयकू तर द्या.”

मी वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“अजून काय काय बोलली मी, दोन वर्षांत?”

मी पानं उलटली. त्यांनी बोरवेलची जागा बदलायला अनुमोदन दिलं होतं. ती भैयाजींच्या गोठ्यापाशी गेली होती. त्यांनी दिव्याच्या खांबाबद्दल समाधान व्यक्त केलं होतं. सरपंचांच्या अभिनंदनाचा ठराव त्यांनी तीनदा मांडला होता.

“तीनदा?”

“एकदा सर्वांतर्फे.”

“लयच बोलते बाप्पा मी,” अनुसयाबाई म्हणाल्या, आणि गेल्या.

मी त्यांच्याच दुकानामागच्या खोलीत भाड्याने राहायचो. भिंत एका विटेची होती, त्यामुळे पुढचं मला ऐकू आलं. ऐकू न येण्याची सोयच नव्हती.

“आता यानंतर सभेले मी जाईन.”

“जा नं,” प्रभाकरराव म्हणाले. “मी काय बांधून ठेवलं काय तुले? पन आठाची सभा हाये. सात मानसाइचे पोहे कोन करन? माह्या नाश्ता कोन करन? का चूल डोक्यावर घेऊन जाशीन?”

या मुद्द्याला गावात उत्तर नव्हतं. आरक्षण, शिबिरं, महिला मेळावे, सगळं याच मुद्द्यापाशी येऊन थांबायचं.  मग शोकेसची काच सरकल्याचा आवाज आला.

त्या शोकेसमध्ये एक यंत्र होतं. त्यांची मुलगी मयुरी सेवाग्रामला दवाखान्यात नर्स. तिने दिवाळीला आणलेलं. पांढरी पेटी, जबडा उघडला की आत काळे त्रिकोणी खळगे, वर लाल आणि हिरवा असे दोन दिवे. वायर गुंडाळून, वर विणलेला रुमाल टाकून ते लग्नाच्या फोटोशेजारी ठेवलं होतं. करंट लागेल म्हणून प्रभाकररावांनी त्याला हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यापुढे पोह्यांच्या बशीऐवजी एक सँडविच आलं. उकडलेला आलू, हिरवी मिरची, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, आणि दोन्ही बाजूंनी डबलरोटी. कडा शिवल्यासारख्या बंद.

“हे काय?”

“नाश्ता.”

“हे आजाऱ्याचं खानं हाये.”

“मंग पडून खा.”

तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी प्रभाकररावांनी उपोषण केलं. ते साडेदहापर्यंत टिकलं. मग दुकानातल्या शेंगदाण्याच्या पोत्याचं तोंड सुटलं. अनुसयाबाईंनी वाद घातला नाही. एका सँडविचला पाच मिनिटं लागायची. लाल दिवा लागला की बटाट्याचा हात पुसून त्या कोनाड्यातलं पेन काढायच्या आणि हिरवा लागेपर्यंत काहीतरी लिहीत बसायच्या. काय लिहितात, ते मला आठवड्याने कळलं. मी त्यांच्या दुकानातून पावशेर साखर आणली. पुडीच्या रद्दी कागदावर ‘सौ. अनुसयाबाई’ अकरा वेळा लिहिलं होतं. पहिल्या चार सह्या त्यांच्या, शेवटची फराट्यासकट थेट प्रभाकररावांची.

मी साखर डब्यात ओतली आणि कागद जाळला. शासकीय कर्मचाऱ्याने बाजू घेऊ नये.

आता डबलरोटीचं. ती गावात मिळत नव्हती. अल्लीपूरहून पहिल्या एसटीने कंडक्टर आणून द्यायचा, आणि स्टँडवर बसलेली सगळी मंडळी ते पाहायची. आमच्या भागात तेव्हा निरोगी माणसाच्या घरात डबलरोटी येत नसे. ती तापात, बाळंतपणात किंवा ऑपरेशननंतर दुधात बुडवून देतात. प्रभाकररावांच्या घरी ती रोज येऊ लागली, तेव्हा गावाने काढायचा तो अर्थ काढला.

“काय झालं, प्रभाकरराव?” पहिला विचारायला आला तो बंडूजी.

“मले? काई नाई.”

“कावीळ म्हनतात.”

“कोन म्हनते?”

“मंग डबलरोटी काऊन येऊन राह्यली रोज?”

“अरे, ते मशीन हाये नं घरी. मयुरीनं आनली सेवाग्रामवरून. त्याच्यासाठी लागते.”

बंडूजींचा चेहरा पडला. “मशीन लावली?” ते हळूच म्हणाले. “सांगाचं तं होतं राजा.”

संध्याकाळपर्यंत प्रभाकररावांना मशीन लावल्याचं सर्वांना समजलं. लोक भेटायला येऊ लागले. आजाऱ्याकडे मोकळ्या हाताने जायचं नाही, ही रीत. म्हणून ते त्याच दुकानातून ग्लुकोज बिस्किटचा पुडा विकत घ्यायचे आणि त्याच काउंटरवरून प्रभाकररावांच्या हातात ठेवायचे. प्रभाकरराव सांगायचे, मी ठणठणीत आहे. लोक मान हलवायचे. आजारी माणूस असंच म्हणतो, हे सर्वांनी घरोघरी पाहिलेलं होतं. ते चिडून बोलले की लोक एकमेकांकडे पाहायचे आणि म्हणायचे, डोक्यापर्यंत गेलं वाटते.

अनुसयाबाईंना कुणी विचारलं तर त्या खरं तेच सांगायच्या. “दोन खाल्ले आज. कालच्याहून एक जास्त.”

डिसेंबरची सभा आली. विषय क्रमांक एक नेहमीचाच, मागील सभेचं कार्यवृत्त वाचून कायम करणे. ते कायम झालं की ठराव सात पक्का. आठला दहा कमी असताना मी रजिस्टर उघडून बसलो होतो. सदस्य आले, पण नेहमीसारखे बोलत नव्हते. वॉर्ड तीनमधल्या दोन सदस्यांची तोंडं तर फारच उतरली होती. लहानूने मला कानात सांगितलं, की त्या वॉर्डात आज एकही चूल पेटलेली नाही. बायांनी घरोघरी सांगितलंय, आज सभा आहे, तिथंच खाऊन या.

बरोबर आठला अनुसयाबाई आल्या. काठाचं लुगडं, एका खांद्यावर मोठी पिशवी. त्या सरळ तिसऱ्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मागून प्रभाकरराव धावत आले, अंगात स्वेटर उलटं.

“ऊठ वं. घरी चाल.”

“कोनाच्या खुर्चीवर बसली मी?”

प्रभाकररावांनी माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीवर नाव नव्हतं.

भैयाजी घसा साफ करत उभे राहिले. तालुक्याच्या कोर्टात त्यांच्या चार केसेस चालू असल्याने गावात कायदा त्यांच्याकडे असे. “वयनी, बसा, आनंद हाये. पन एक सांगतो. रजिस्टरात दोन वर्षाच्या सह्या हायेत. त्या तुमच्या नाईत म्हनान तं तुमी दोन वर्ष गैरहजर. सहा महिने लागोपाठ गैरहजर राह्यलं, का सदस्यपन जाते. हो का नाई, सेक्रेटरी?”

“नियम आहे,” मी म्हणालो. खरंच आहे.

 हे सगळ्यांना नवीन होतं, मलाही. अनुसयाबाईंनी आपली जागा मागायची, तर ती कधीच वापरली नाही असं सिद्ध व्हायचं. प्रभाकररावांच्या चेहऱ्यावर महिन्यात पहिल्यांदा रंग आला.

“कोन म्हनते त्या माह्या सह्या नाईत?” अनुसयाबाई म्हणाल्या. “द्या रजिस्टर.”

मी दिलं. त्यांनी सही केली. सौ. अनुसयाबाई, आणि ‘ई’वरून पतंगाची शेपटी. भैयाजींनी चष्मा लावून मागची पानं ताडून पाहिली. रूपरावांनी पाहिलं. नोव्हेंबरातली प्रभाकररावांची सही घाईत झाली होती. तिच्यापुढे ही जास्त अस्सल दिसत होती.

“मी दर महिन्यात आली. दर महिन्यात सही केली,” अनुसयाबाई म्हणाल्या. “या मानसाले मात्र मी या खोलीत एकदाही पाह्यलं नाई. सेक्रेटरी, याइचं नाव हाये काय कुठं लिवलेलं?”

मी चोवीस महिने चाळले. प्रभाकररावांचं नाव कुठेही नव्हतं. मीच लिहिलेलं होतं, त्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती.

“अवं, मीच तं येत होतो!” प्रभाकरराव ओरडले. “या सगळ्याइले विचार! ह्या सह्या मी केल्या, मी!” त्यांच्या कपाळावर डिसेंबरात घाम आला होता.

“घाम पाहा,” दाराजवळून शकुबाई म्हणाली. “आजारी मानूस, मशीन लावलेला, अन् इथं थंडीत उभा केला त्याले. पाप लागन. लहानू, ने बाप्पा घरी. सांभायून नेजो.”

बंडूजी तर आधीच उठले होते. लहानूने एक दंड धरला, त्यांनी दुसरा. “चाला राजे, चाला, बोलू नोका जास्त,” असं समजावत त्यांनी प्रभाकररावांना पायऱ्यांवरून अलगद उतरवलं. आपण धडधाकट असल्याचं प्रभाकरराव ग्रामपंचायतीच्या अंगणापासून मारुतीच्या पारापर्यंत सांगत होते. वाटेत लोक बाजूला होऊन नमस्कार करत होते.

बंडूजी परत आले तेव्हा अनुसयाबाईंनी पिशवीतून यंत्र काढून माझ्या टेबलावर ठेवलं होतं. कार्यालयात प्लग एकच होता, पंख्याचा. हिवाळा असल्याने पंख्याची हरकत आली नाही. सातव्या खुर्चीवरचं माझं दप्तर त्यांनी उचलून खिडकीत ठेवलं आणि शकुबाईला म्हणाल्या, “बाई, तू इथं बस. दिवा हिरवा झाला का सांगजो.”

शकुबाई बसली. तिने डबलरोटीवर आलू पसरला, जबडा मिटला, खटका लावला. सहा माणसं ते पाहत होती. पाच मिनिटांत खोलीभर भाजल्याचा वास सुटला. वॉर्ड तीनच्या एका सदस्याने आवंढा गिळला. तो मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेला.

“हिरवा,” शकुबाई म्हणाली.

अनुसयाबाईंनी झाकणावर हात ठेवला. “पह्यले विषय नंबर एक. सेक्रेटरी, वाचा.”

मी वाचलं. ठराव सात, सूचक, अनुमोदक.

“अनुमोदन मी देलं होतं,” अनुसयाबाई म्हणाल्या. “सही माही हाये, आताच सगळ्याइनं पाह्यली. तं मी ते वापस घेते. लिवा.”

“असं कसं वापस घेता येईन?” भैयाजी म्हणाले.

“देता आलं तं घेता येते.”

“मी देतो अनुमोदन,” बंडूजींनी हात वर केला.

“तुमी कोन, भाऊजी?” अनुसयाबाईंनी विचारलं. अगदी आदराने. बंडूजींनी हात खाली घेतला आणि मग उठून दाराजवळ शकुबाईच्या जुन्या जागी जाऊन बसले. कुणी सांगितलं नव्हतं.

“दुसरं कुनी?” रूपरावांनी वॉर्ड तीनच्या दोघांकडे पाहिलं. एक छताकडे पाहत होता. दुसरा झाकणाकडे पाहत म्हणाला, “सरपंचसाहेब, ते करपून राह्यलं नं.”

अनुमोदकाअभावी ठराव क्रमांक सात रद्द, असं मी लिहिलं. नाश्ता दाखवून सदस्यांवर दबाव आणणं नियमात बसतं का, हे मी नंतर शोधलं. नियमांत डबलरोटीचा उल्लेख नाही. पोह्यांचाही नाही.

झाकण उघडलं. शकुबाईने एकेकाच्या हातावर सँडविच ठेवलं. तिच्या हातचं सगळ्यांनी खाल्लं. भैयाजींनीही खाल्लं, तोंड भिंतीकडे करून. रूपरावांनी तर दुसरं मागितलं.

प्रभाकरराव महिन्याभराने बरे झाले, म्हणजे डबलरोटी येणं कमी झालं तसं गावाने त्यांना बरं ठरवलं. सभेच्या दिवशी यंत्र पंचायतीत जायचं, तेव्हा ते मुरमुरे खाऊन राहायचे. एरवी स्वतः करून घ्यायला शिकले. पहिल्या दिवशी लाल दिव्याला घाबरून त्यांनी प्लग काढला आणि डबलरोटी कच्चीच खाल्ली. फेब्रुवारीत ते आत शिळी भाकर आणि झुणका भरू लागले. भिंतीपलीकडून मी ऐकलं, ते अनुसयाबाईंना विचारत होते, “आज काय काय विषय हायेत वं?” त्यांनी सांगितले नाहीत.

मार्चपासून रुख्माबाईही येऊ लागल्या. चुली पेटल्या, सभा आठलाच राहिली, गाळ्यांचं नाव कुणी काढलं नाही. फक्त भैयाजींनी हार न मानता तालुक्याला अर्ज केला, की जागेची एकदा रीतसर मोजणी व्हावी. मे महिन्यात भूमापक आला. त्याने दिवसभर साखळी ओढली, दोन दगड शोधले आणि नकाशावर बोट ठेवून दाखवलं.

बाभळींचं रान शेजारच्या गावाच्या हद्दीत होतं.